"मराठी आली" एवढंच लिहू नका, काय काय आलं ते लिहा

वाचक विचारतात

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही नाशिकचे चौघं, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीची नोंदवही ठेवणारं एक ओपन सोर्स (कोड सगळ्यांसाठी खुला असलेलं) ॲप आम्ही बनवलंय, निफाड-दिंडोरीकडचे ओळखीतले शेतकरी ते वापरतात. आतापर्यंत फक्त इंग्रजीत होतं, आता २.० मध्ये मराठी आणि हिंदी येतेय, शिवाय सटाण्याच्या एका मैत्रिणीने अहिराणी पण सुरू केलीय, ती निम्मीच झालीय. रिलीजची घोषणा लिहायला बसलो तर "बहुभाषिक सपोर्टसह नवीन व्हर्जन सादर करताना आम्हाला आनंद होत आहे" याच्या पुढे काही सुचतच नाही. दोघांचं म्हणणं आहे की २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला रिलीज करायचं. कसं लिहावं आणि कधी करावं?

उत्तर: पोरांनो, काम मोठं केलंय तुम्ही, अहिराणीचं वाचून तर फारच बरं वाटलं. पण ते आनंदाचं वाक्य आधी खोडा. निफाडचा माणूस सकाळी बागेत जायच्या आधी मोबाईलवर तुमची घोषणा उघडणार, तेव्हा त्याला दोनच गोष्टी बघायच्या असतात, हे अपडेट केलं तर माझ्या गेल्या हंगामाच्या नोंदी शाबूत राहतील का, आणि आता पोराला हाक न मारता मला एकट्याला हे चालवता येईल का. पहिल्या चार ओळीत या दोन्हीचं उत्तर आलंच पाहिजे, बाकी सगळं त्याच्या खाली.

आता "बहुभाषिक सपोर्ट" बद्दल. हे एक काम नसतं हो, यात पाच-सहा वेगवेगळी कामं असतात आणि त्यातली दोन झाली की लोक सगळं झालं म्हणून जाहीर करून टाकतात. बटणं आणि मेनू मराठीत दिसणं हे एक. मराठीत टाइप करून नोंद करता येणं हे दुसरं, तीच नोंद दोन महिन्यांनी मराठीतच शोधता येणं हे तिसरं. मग आकडे, शेतकऱ्याने औषधाचं प्रमाण मराठी आकड्यात १२५ टाकलं आणि तुमच्या कोडने त्याला आकडा न मानता नुसता मजकूर समजून घेतलं तर बेरीज चुकणार किंवा ॲप बंद पडणार. मग यादीचा क्रम. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ह च्या नंतर येतात, पण युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला नंबर देणारी पद्धत) ळ चा नंबर ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी आहे, आणि क्ष ला तर स्वतंत्र नंबरच नाही, तो क, हलन्त आणि ष असा मिळून बनतो म्हणून तो थेट क मध्ये जाऊन बसतो. म्हणजे नुसत्या नंबरावर यादी लावली तर "माळावरचा प्लॉट" आधी आणि "मावळतीकडचा प्लॉट" नंतर, मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या अपेक्षेच्या बरोबर उलटं. लोकांना कारण कळत नाही, त्यांना फक्त यादीत आपला प्लॉट सापडत नाही.

आणि सगळ्यात जास्त रडवतं ते पीडीएफ. स्क्रीनवर मराठी बरोबर दिसतंय म्हणून पीडीएफमध्येही बरोबर येईल असं अजिबात धरून चालू नका, कारण स्क्रीनवर अक्षरं जुळवायचं काम मोबाईलची सिस्टिम करते, अँड्रॉइडमध्ये ते हार्फबझ नावाचं ओपन सोर्स इंजिन करतं (फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस पण तेच वापरतात), पण पीडीएफ बनवणारी लायब्ररी बऱ्याचदा वेगळी असते आणि तिला हे जुळवणं येत असेलच असं नाही. तपासायला तुमच्याच रिपोर्टमधले तीन शब्द पुरतात: नाशिक, द्राक्ष, शेतकऱ्यांचे. जुळवणी होत नसेल तर नाशिकमधली पहिली वेलांटी श च्या आधी न येता मागे पडते आणि वाचताना "नाशकि" दिसतं, द्राक्षचे पाय मोडून हलन्त उघडे पडतात, आणि शेतकऱ्यांमधल्या अर्ध्या र च्या जागी नुक्ता दिलेला अख्खा र उभा राहतो. हे तीन शब्द नीट छापले गेले तरच घोषणेत "मराठीत पीडीएफ निघतो" असं लिहा, नाहीतर साफ लिहा की पीडीएफ अजून इंग्रजीतच काढा. एक्स्पोर्टवाल्याला तोच कागद दाखवायचा असतो, तिथे मोडकी अक्षरं निघाली की तो माणूस तुमच्या ॲपवर परत विश्वास ठेवणार नाही.

टक्केवारीचा मोह तुम्हाला होणारच, "मराठी ९२ टक्के पूर्ण" वगैरे. ग्नोमसारखे (संगणकाचा डेस्कटॉप बनवणारे) मोठे ओपन सोर्स प्रोजेक्ट पण टक्के बघतात, त्यांच्याकडे ८० टक्के स्ट्रिंग (स्क्रीनवर दिसणारे मजकुराचे तुकडे) भाषांतरित झाल्या की ती भाषा सपोर्टेड धरतात, आणि शेकडो लोक डझनावारी भाषांत काम करत असताना असा काहीतरी माप लागतोच. पण तुमचा ॲप छोटा आहे, तुम्हाला प्रत्येक स्क्रीन माहितीय, तर त्या राहिलेल्या ८ टक्क्यांत काय आहे ते सांगा ना. मदतीची पानं राहिली असतील तर एक वेळ चालेल. पण औषध मारल्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं ती लाल सूचनाच इंग्रजीत राहिली असेल तर ९२ टक्क्यांना काही अर्थ नाही, कारण त्या सूचनेसाठीच तर माणूस ॲप ठेवतो. ती सूचना आधी भाषांतरित करा, तिन्ही भाषांत, आणि एका बागायतदाराला वाचायला देऊन त्याला काय समजलं ते विचारा, मगच रिलीजचा विचार करा.

मोठ्या लोकांच्या घोषणा वाचताना हे नेमकेपण बघत जा. डेबियन या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमचं १२ वं व्हर्जन जून २०२३ मध्ये आलं तेव्हा त्यांनी ७८ भाषांचा आकडा दिला तो इन्स्टॉल करण्याच्या सिस्टिमचा, अख्खं डेबियन ७८ भाषांत आहे असा दावा नाही केला. आणि २५ ऑगस्ट १९९१ ला लिनस टोरवाल्ड्सने आपण बनवत असलेल्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल पहिल्यांदा लिहिलं तो मेसेज तर बघाच, हा आपला छंद आहे, ग्नू प्रकल्पासारखं मोठं आणि प्रोफेशनल काही होणार नाही, दुसऱ्या मशीनवर नेता येण्यासारखं नाही, आणि बहुतेक आपल्याकडे आहेत त्या एटी हार्डडिस्क सोडून दुसऱ्या कशावर चालणारही नाही, सगळं सांगून टाकलंय. काय चालतं तेही सांगितलंय, बॅश १.०८ आणि जीसीसी १.४० हे दोन प्रोग्राम चालवून बघितलेत म्हणून. म्हणून तर वाचणाऱ्यांना कळलं की मदत कुठे करायची.

तुमच्या घोषणेचा मधला भाग मी असा काहीतरी लिहीन:

"ॲपची सगळी बटणं, मेनू आणि काढणीआधीच्या सूचना आता मराठी आणि हिंदीत आहेत. मराठीत केलेली नोंद मराठीत शोधता येते. आकडे मराठी टाका नाहीतर इंग्रजी, बेरीज बरोबर येते. रिपोर्टचा पीडीएफ मराठीत निघतो. मदतीची पानं अजून इंग्रजीतच आहेत. प्लॉटची यादी मराठी वर्णक्रमाने लागत नाही, ते २.१ मध्ये करू. अहिराणी सुरू झाली आहे: नोंद करायचा स्क्रीन आणि काढणीआधीच्या सूचना अहिराणीत आहेत, बाकी ठिकाणी सध्या मराठी दिसेल. अपडेट करायच्या आधी बॅकअप घ्या, २.० मध्ये उघडलेली वही जुन्या व्हर्जनमध्ये परत उघडत नाही."

यातलं तुमच्या ॲपला जे लागू नसेल ते काढा, खोटं एकही वाक्य ठेवू नका. अहिराणीला "बीटा" म्हणून कोपऱ्यात ढकलू नका. बागलाण, मालेगाव, कळवणकडच्या माणसाला मोबाईलवर आपली बोली दिसणं हीच बातमी आहे, तिला स्वतःची ओळ द्या, आणि तिथेच लिहा की पुढच्या स्क्रीनसाठी मदत हवीय आणि कुठे कळवायचं. जिथे अहिराणी नाही तिथे इंग्रजी न दाखवता मराठी दाखवा, फॉलबॅकचा (एक भाषा नसेल तर त्याऐवजी कोणती दाखवायची त्याचा) क्रम ठरवता येतो, आणि भाषेचा कोड एएचआर (ahr) असाच लावा, मराठीच्या एमआर (mr) खाली घुसवू नका म्हणजे पुढे वेगळं काढायची वेळ येणार नाही. व्हर्जनचा आकडा: वहीची फाइल खरंच बदलली असेल तर २.० बरोबर, नुसत्या भाषा वाढल्या असतील तर १ च्या मालिकेतलाच पुढचा नंबर द्या, नाहीतर लोक उगाच घाबरतात.

आता तारीख. २७ फेब्रुवारी म्हणजे कुसुमाग्रजांचा वाढदिवस, ते इथेच राहिले, नाशिकच्या पोरांना तो दिवस साधावासा वाटणार, मला पूर्ण पटतं. पण फेब्रुवारीच्या शेवटाला तुमचे वापरणारे कुठे असतात? बागेत तोडणी चालू असते, दारात व्यापारी, मजूर मिळत नाहीत, त्या दिवसांत कोणी वहीचा फॉरमॅट बदलणारं अपडेट घेणार नाही आणि घेऊही नये. फवारणीची खरी गर्दी गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी), ऑक्टोबरपासून पुढे. म्हणून ऑगस्टच्या शेवटाला नाहीतर सप्टेंबरच्या सुरुवातीला रिलीज करा, छाटणीआधी माणसाला हात बसवायला वेळ मिळतो. आणि २७ फेब्रुवारीला काय करायचं, तर त्या दिवशी भाषांतराला बसा, जितके जमतील तितके जण बोलवा, सूचना मोठ्याने वाचा, भांडा, ठरवा. रिलीजच्या आधी किमान दोन आठवडे मूळ मजकूर गोठवा, स्ट्रिंग फ्रीज म्हणतात त्याला, नाहीतर आदल्या रात्री तुमच्यातला कोणीतरी एक बटण बदलणार आणि सटाण्याच्या त्या मुलीचं झालेलं काम परत इंग्रजी दिसायला लागणार.

प्रश्न: ताई, मी नाशिकरोडला एका छोट्या कंपनीत आहे, फावल्या वेळात एका ओपन सोर्स प्रोजेक्टला मदत करते. आमची घोषणा आधी इंग्रजीत लिहिली जाते, मग मशीनने मराठी करून तीच टाकतात. वेळ वाचतो, पण वाचताना कसंतरीच वाटतं. बरोबर आहे का हे?

उत्तर: तुम्हाला कसंतरी वाटतंय ना, मग मराठी वाचणाऱ्या सगळ्यांनाच वाटत असणार. मशीनचा मसुदा घ्यायला हरकत नाही, पण कोणीतरी माणसाने तो स्क्रीन समोर उघडून वाचलाच पाहिजे, कारण मशीनला तुमचं ॲप दिसत नसतं. स्क्रीनवर "सेव्ह करा" असेल आणि घोषणेत "जतन करा" आलं तर वाचणारा ते बटण शोधत बसतो. कमांड आणि फाइलची नावं पण भाषांतरित होऊन येतात कधी कधी, ती जशीच्या तशी ठेवायची. तारीख ०३/०४ अशी लिहू नका, महिन्याचं नाव लिहा, अमेरिकेतला माणूस मार्च वाचेल आणि आपण एप्रिल.

माझं तर म्हणणं आहे की दोन्ही घोषणा एकसारख्या असायची गरजच नाही. इंग्रजी वाचायला बहुतेक डेव्हलपर येणार, त्यांना लायसन्स, फाइल फॉरमॅट, भाषांतराच्या फाइल कुठे आहेत ते हवं. मराठी वाचणारा वापरायला येतो. व्हर्जन नंबर, बॅकअपची सूचना, माहीत असलेल्या त्रुटी एवढं दोन्हीकडे तंतोतंत सारखं ठेवा, बाकी मराठीतली मराठीत विचार करून लिहा, आणि जमलं तर तीच आधी लिहा.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, पंचवटीत राहतो. माझ्या पुतण्याच्या गटासाठी शेतीतल्या शब्दांची यादी टाइप करून दिली, पण त्यांच्याकडे उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात म्हणे. आणि दुसरं, घोषणेत भाषांतर करणाऱ्यांची नावं घालतात का? मला स्वतःसाठी नको, बरोबरच्या दोन मुलींसाठी विचारतोय.

उत्तर: काका, यादी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेली दिसतेय. त्या फॉन्टमध्ये आत साठतात इंग्रजीच अक्षरं, वरून फक्त चित्र मराठीचं असतं, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर गाडी तिथेच अडते. तुमची मेहनत वाया गेलेली नाहीये, युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पुतण्याला सांगा फाइल त्यातून काढायला, पण बदलून आल्यावर एकदा तुम्ही स्वतः वाचा, रफार आणि जोडाक्षरं तिथेच बिघडतात. पुढचं टाइपिंग मात्र युनिकोड कीबोर्डवरच.

नावं घालतात, घालायलाच हवीत. ग्नोमच्या ॲपमध्ये तर भाषांतर करणाऱ्यांच्या नावासाठी वेगळी स्ट्रिंगच ठेवलेली असते, ज्या भाषेत ॲप उघडाल त्या भाषेवाल्यांची नावं माहितीच्या खिडकीत दिसतात. घोषणेत पण शेवटी एका घोळक्यात न टाकता त्या त्या भाषेच्या ओळीलाच नाव जोडायला सांगा, "अहिराणी" च्या पुढे जिने केली तिचं नाव. आधी त्या मुलींना विचारा चालेल का, आणि नाव मराठीत कसं लिहितात तेही त्यांच्याकडूनच घ्या. आणि काका, यादी तुमची आहे, तुमचं नाव पण येऊ द्या.