'स्लो डाऊन'च्या उलट काय?

'फास्ट अप' लिहू नकोस, इंग्रजीत ते नाहीच. नुसतं 'फास्ट' क्रियापद केलंस तर अर्थ होतो उपास करणं, म्हणजे गाडीलाच उपास घडेल! रोजचा शब्द 'स्पीड अप'. बसने अंबाजोगाई सोडल्यावर वेग घेतला तर 'द बस स्पेड अप आफ्टर अंबाजोगाई'. 'स्पीडेड अप'ही चालतं. 'इट' आलं की मधेच बसव: 'स्पीड इट अप'. 'स्पीड अप इट' चूक, पण 'स्पीड अप द वर्क' बरोबर. इथंच बहुतेकांची गाडी अडते.

'ॲक्सिलरेट'ला 'अप' जोडू नकोस. 'हरी अप' माणसाला म्हणायचं. तहसीलमधल्या अर्जासाठी 'एक्स्पेडाइट', म्हणजे काम लवकर पुढे सरकवणं, आणि त्याला कर्म लागतंच: 'प्लीज एक्स्पेडाइट माय ॲप्लिकेशन'. फाईल स्वतःहून 'एक्स्पेडाइट' होत नाही, तहसीलमध्ये तर नाहीच.