सहा वर्षांच्या मुलीचं रील्सचं खातं चालू ठेवावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या रील्स लाखो लोक बघतात, दुकानदार जाहिरातीसाठी विचारू लागलेत, पण हल्ली मोबाइल समोर धरला की ती रडते. माझं उत्तर: थांबवा. सहा वर्षांची मुलगी याहून स्पष्ट ‘नको’ कसं म्हणणार?

मी नागपुरात मुलांची नाटकं बसवते, त्यामुळे मुलांनी लोकांसमोर येऊच नये असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला पोरं नटूनथटून लाकडी बैल घेऊन निघतात, घरोघरी कौतुक होतं, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळतात आणि रात्री कपडे बदलले की ते संपतं. रील संपत नाही. कालच्यापेक्षा आज कमी लोकांनी पाहिलं, हे मुलीला आकडे न वाचताही आईच्या चेहऱ्यावरून कळतं. तालमीला येणाऱ्या, रील्स करणाऱ्या मुलांमध्ये मला ते दिसतं. वाक्य चुकलं की ती आधी दारात उभ्या आईकडे बघतात. खेळता खेळता थांबून ‘घेतलं का?’ विचारतात. आपलं कुठलं हसू गोड दिसतं हे त्यांना पाठ असतं, आणि तेच हसू ती पुन्हा पुन्हा काढून दाखवतात. मला ते बघवत नाही.

मालिका-सिनेमातल्या मुलांसाठी निदान नियम तरी आहेत. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्त नियमांप्रमाणे दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि कमाईचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. घरच्या हॉलमध्ये हे तास कोण मोजतं? फ्रान्सने २०२० मध्ये ऑनलाइन व्हिडिओत झळकणाऱ्या १६ वर्षांखालच्या मुलांसाठी कायदाच केला. त्यानुसार आपले व्हिडिओ काढून टाका असं तिथलं मूल स्वतः सांगू शकतं.

इन्स्टाग्रामवर स्वतःचं खातं १३ वर्षांनंतरच उघडता येतं. म्हणजे हे खातं तुमचं आहे, तिचं नाही. तिच्यावर निर्णय ढकलू नका. शाळेचा गणवेश किंवा घराचं फाटक दिसणारे, आंघोळीचे, रडण्याचे व्हिडिओ आजच काढून टाका आणि खातं खासगी करा. आलेले पैसे तिच्या नावे ठेवा. जाहिरातीसाठी कुणाचा अॅडव्हान्स घेतला असेल तर परत करा, आणि ते तिच्यासमोर बोलू नका, नाहीतर आपल्यामुळे घराचं नुकसान झालं असं ती धरून बसेल.