नव्या आशाताईला: आधी वजनकाटा

ताई, पहिल्याच महिन्यात सगळं शिकायच्या मागे लागू नकोस. गरोदर बाईचं वजन नीट घ्यायला शीक, त्यातून पुष्कळ कळतं.

पहिलं वजन बारा आठवड्यांच्या आत तिच्या माता-बाल कार्डावर चढव. ते राहिलं तर पुढची वाढ मोजणार कशावरून? काटा सपाट फरशीवर ठेव, शून्यावर आण. सारवलेल्या ओट्यावर तो हमखास चुकतो.

साधारण बांध्याच्या बाईचं नऊ महिन्यांत १० ते १२ किलो वाढावं. किडकिडीत असेल तर जास्त, जाड असेल तर कमी. वाढलंच नाही तर बाळ अडीच किलोच्या आत जन्मायची भीती. अशी बाळं लवकर गार पडतात, दूध ओढताना दमतात. फार वाढलं तर शुगर तपासून घे. बाळ मोठं होऊन बाळंतपण अडू शकतं.

“कमी खा, सुटका सोपी होईल” म्हणणाऱ्या सासूशी वाद घालू नकोस. चुलीपाशी बस, कळण्याची भाकरी, डाळ, शेंगदाणे सुनेच्या ताटात सासूच्याच हातून वाढून घे.

नव्या आशांची नेहमीची चूक: शेवटच्या महिन्यांत आठवड्यात दोन किलो वाढले की खूश होणं. ही वाढ बाळाची नसून अंगात पाणी साचल्याची असू शकते. सोबत सूज, डोकेदुखी असेल तर त्याच दिवशी बीपी तपासायला ने.

आणि ऊसतोडीला निघालेली असेल तर वजन आधी घे, कार्ड तिच्याच पिशवीत टाक.