खिसेकापू, पाकीटमार आणि सांडशी

प्रश्न आला आहे: 'भुसावळ स्टेशनवर सगळे "पॉकेटमार" म्हणतात. मराठीत पाकीटमार म्हणावं की खिसेकापू?'

दोन्ही म्हणा, पॉकेटमार तेवढं सोडा. जळगाव-भुसावळ पट्ट्यात हा हिंदीतला शब्द ऐकून कान किटले. पाकीट मारतो तो पाकीटमार, खिसा कापतो तो खिसेकापू. यात उलगडून सांगण्यासारखं काही नाही.

'खिसेकापू' हे इंग्रजी 'पिकपॉकेट'चं भाषांतर आहे, असं काही जाणकार छातीठोकपणे सांगतात. त्यांनी आधी 'खिसा' तपासावा. फारसी 'कीसा' म्हणजे थैली, पैशांची पिशवी. थैलीची दोरी कापून ती लांबवणारा तो खिसेकापू, असं माझं ठाम मत आहे. इंग्रजी शब्दातला चोर खिसा कापत नाही, त्यातलं अलगद काढून घेतो. मग भाषांतरात हे 'कापणं' आलं कुठून?

पण खरा आनंद याहून जुन्या जागी आहे. याज्ञवल्क्यस्मृती या जुन्या संस्कृत धर्मशास्त्रग्रंथात या चोरांची शिक्षा आहे: 'उत्क्षेपकग्रन्थिभेदौ करसन्दंशहीनकौ'. उत्क्षेपक म्हणजे उचलणारा. (आपल्याकडे 'उचल्या' आहे, पण ते एका जमातीचंही नाव. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मजात चोरीचा शिक्का मारला, म्हणून चोरासाठी मी तो शब्द वापरत नाही.) ग्रंथिभेद म्हणजे गाठ फोडणारा. मिताक्षरा या त्याच स्मृतीवरच्या टीकेत विज्ञानेश्वर म्हणतो, वस्त्रात बांधलेलं सोनंनाणं गाठ सोडून किंवा कापून नेतो तो. सारंगखेड्याच्या यात्रेत लुगड्याच्या पदराला नोटा गाठ मारून फिरणाऱ्या म्हातारीला हा चोर समजावून सांगावा लागणार नाही. 'गाठीला पैसा' आपण अजून म्हणतोच.

आता शिक्षा पाहा. उत्क्षेपकाचा हात जातो, ग्रंथिभेदाचा 'संदंश' जातो. संदंश म्हणजे चिमटा; इथे अंगठा आणि तर्जनी. गाठ सोडायला, पाकीट ओढायला हीच दोन बोटं लागतात, म्हणून शिक्षा नेमकी त्यांना. आणि हाच संदंश मराठीत सांडस, सांडशी होऊन चुलीपाशी आला!

पातेलं सांडू नये म्हणून सांडशी, अशी व्युत्पत्ती सांगणारे भेटतात. ती साफ चूक आहे. 'दंश'मधल्या द चा ड होतो, 'डसणे'त तो झालाच आहे. सांडशी पातेल्याला दोन्ही बाजूंनी डसते, सांडण्याशी तिचा काही संबंध नाही.