लेणे : डोंगराचा दागिना की डोंगरातले घर?

डोंगराच्या अंगावरचा दागिना म्हणून कोरीव गुहांना ‘लेणे’ म्हणतात ही व्युत्पत्ती ग्राह्य मानावी का, आणि ‘लेणे’ व ‘गुहा’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरावेत का, असे दोन प्रश्न विचारले गेले आहेत.

दागिन्याची कल्पना मोहक असली तरी ती ग्राह्य नाही. अलंकार अंगावर घालणे, डोळ्यांत काजळ घालणे या अर्थाचे ‘लेणे’ हे क्रियापद आणि त्यावरून आलेले अलंकारवाचक नाम वेगळे. कोरीव लेणे हे संस्कृत ‘लयन’, प्राकृत ‘लेण’ या शब्दापासून आले असून त्याचा अर्थ आश्रयाची, विसाव्याची जागा असा आहे. याचा पुरावा डोंगरातच कोरलेला आहे. नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याच्या जावयाचा, उषवदाताचा, लेख आहे. त्रिरश्मी पर्वतात ‘इदं लेणं कारितं’, म्हणजे हे लेणे करविले, असे तो सांगतो आणि लगेच पाण्याच्या टाक्यांचा, ‘पोढियो’चा, उल्लेख करतो. तिथल्याच १८ क्रमांकाच्या लेण्यातील लेखात मात्र ‘चेतियघर’ हा शब्द येतो. म्हणजे भिक्षूंच्या निवासाला आणि स्तूप असलेल्या पूजास्थानाला तेव्हा निराळी नावे होती. आजच्या मराठीत ‘लेणे’ या एकाच शब्दात दोन्ही सामावली आहेत.

हे लेख वाचकांपुढे एकत्र आले ते एकोणिसाव्या शतकातील पाहणीमुळे. जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांचा संग्रह १८८१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवरचा निबंध वाचला होता आणि १८८० मध्ये बर्जेस यांच्यासह त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. या मंडळींनी काढलेले तळाचे आराखडे आणि उभे छेद पाहिले की दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर मिळते: मधला चौकोनी मंडप, तीन बाजूंना खोल्या, पुढे खांबांची ओसरी. ही आखून कोरलेली वास्तू आहे, आणि निसर्गतः तयार झालेल्या पोकळीला जो शब्द आपण वापरतो तोच तिला लावणे मला अपुरे वाटते. इंग्रजांनी मात्र दोहोंना ‘केव्ह’ म्हटले, आणि ‘गुहा क्रमांक अमुक’ ही आपल्याकडची शब्दरचना त्याच वळणाची आहे. (हे क्रमांकही जागेचे आहेत, काळाचे नव्हेत, अजिंठ्यातील सर्वांत जुन्या लेण्यांत ९ आणि १० यांची गणना होते.) त्या मानाने वेरूळच्या चित्रांचा जो संग्रह टॉमस डॅनियल यांनी जेम्स वेल्स यांच्या रेखाटनांवरून १८०३ मध्ये काढला, त्याच्या नावातला ‘एक्स्कव्हेशन्स’ म्हणजे खोदकामे हा शब्द वस्तूच्या अधिक जवळचा होता.

जाता जाता वचनाबद्दल: एक लेणे, अनेक लेणी. कार्ल्याची लेणी किंवा पांडवलेणी हा समूहाचा उल्लेख असल्याने योग्य आहे. ‘ही एक लेणी’ असा स्त्रीलिंगी एकवचनी प्रयोग बोलण्यात ऐकू येतो, पण लेखनात टाळावा. सामान्यरूप ‘लेण्या-’ असे होते: लेण्यात, लेण्याचे, अनेकवचनी लेण्यांत, लेण्यांचे.