टॅलिन आणि व्हिन्क्युलिनचा बंध परीक्षानळीत का दिसत नाही?

तुमचे प्रश्न दोन आहेत. टॅलिन हे पेशीतलं प्रथिन एका टोकाने इंटिग्रिनला (पेशीला बाहेरच्या आधाराशी जोडणारं पटलातलं प्रथिन) आणि दुसरीकडे ॲक्टिनलाही (पेशीच्या सांगाड्याचे तंतू) धरतं, मग मध्ये व्हिन्क्युलिन हे आणखी एक प्रथिन हवंच कशाला? आणि पूर्ण लांबीची दोन्ही शुद्ध प्रथिनं एकत्र करूनही पुल-डाउनमध्ये (एक प्रथिन ओढून काढलं की दुसरं सोबत येतं का, हे पाहण्याची चाचणी) बँड जेमतेम दिसतो, तर चुकतंय कुठे? नाशिकला एम.एस्सी.च्या मुलांना शिकवताना दुसरा प्रश्न मला नेहमीच विचारला जातो, म्हणून तोच आधी घेतो.

प्रथिनं बिघडली असं लगेच धरू नका. दोन्ही रेणू मुळात मिटलेले असतात. व्हिन्क्युलिन १०६६ अमिनो आम्लांचं. त्याचं डोकं आणि शेपूट एकमेकांना इतकं घट्ट धरून बसतात की टॅलिनला शिरायला वावच नसतो. टॅलिनची गंमत आणखी वेगळी. त्याच्या दांड्यात १३ सर्पिलगुच्छ (मळसूत्रासारख्या गुंडाळलेल्या भागांच्या जुड्या) आहेत आणि व्हिन्क्युलिन धरण्याच्या ११ जागा त्या गुच्छांमध्ये लपलेल्या आहेत. सर्पिलाची जी बाजू व्हिन्क्युलिनला हवी, तीच बाजू गुच्छाच्या आत शेजारच्या सर्पिलांना चिकटलेली असते.

पेशीत हे उघडतं ते ओढीमुळे. टॅलिनचं डोकं पटलाजवळ इंटिग्रिनला अडकलेलं, दांडा ॲक्टिनला, आणि ॲक्टिनला मायोसिन हे ओढणारं प्रथिन खेचतंय. साधारण ५ पिकोन्यूटन (रेणूंच्या पातळीवरचं बल मोजण्याचं एकक) ओढ आली की आर-३ हा सर्वांत नाजूक गुच्छ आधी उलगडतो, व्हिन्क्युलिनचं डोकं तिथे बसतं आणि गुच्छाला परत मिटू देत नाही. ताणलेल्या टॅलिनवर जास्त व्हिन्क्युलिन बसतं, हे २००९ मध्ये एकेका रेणूला चुंबकीय चिमट्याने ओढून दाखवलं गेलं. परीक्षानळीत तुम्ही सगळं घातलंत, पण ओढणारं कोणी घातलं नाहीत!

पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत घड भरले की मांडवाच्या तारा ओढ घेतात, आणि जिथे ओढ जास्त तिथे शेतकरी जादा आधार देतो. पेशीत असा शेतकरी नाही, ओढ स्वतःच आधाराची जागा उघडून देते. तिथे बसलेलं व्हिन्क्युलिन शेपटीने आणखी ॲक्टिन धरतं. म्हणजे टॅलिनची ॲक्टिनवरची पकड पुरेशी आहे की नाही, हे भार किती यावर ठरतं. आणि हे ‘जितकी ओढ तितकं चांगलं’ असंही नाही. साधारण २५ पिकोन्यूटनच्या पुढे सर्पिलच सुटून सरळ होतो आणि व्हिन्क्युलिन गळून पडतं.

पेशी-पेशींच्या सांध्यात याहून बोलकं उदाहरण आहे. पेशींना एकमेकींशी जोडणारं कॅडहेरिन, मग बीटा-कॅटेनिन आणि अल्फा-कॅटेनिन ही दुव्याची प्रथिनं, शेवटी ॲक्टिन अशी साखळी पुस्तकांत वर्षानुवर्षं छापली जायची. २००५ मध्ये शुद्ध प्रथिनांवर पाहिलं, तर बीटा-कॅटेनिनला जोडलेलं अल्फा-कॅटेनिन ॲक्टिन धरेचना. बराच गोंधळ उडाला. २०१४ मध्ये तेच संकुल ॲक्टिनवर ताण देऊन तपासलं, तेव्हा ओढीखाली बंध जास्त टिकतो असं दिसलं. माझ्या मते कोणतं प्रथिन कोणाला किती घट्ट धरतं याचा तक्ता वाचताना, तो बंध मोजताना ओढ होती का, हे आधी पाहावं. पुस्तकातल्या आकृतीत ते कधीच नसतं.

आता तुमच्या प्रोजेक्टचं. चुंबकीय चिमटा आपल्याकडच्या कॉलेजात मिळणार नाही, तेव्हा मिटलेपणच काढून टाका. व्हिन्क्युलिनच्या डोक्याचा १ ते २५८ अमिनो आम्लांचा एवढाच तुकडा ई. कोलाय या जिवाणूत छान तयार होतो. त्याच्यासोबत टॅलिनच्या एखाद्या बंधजागेचा सुटा पेप्टाइड घ्या, बंध घट्ट दिसेल. अख्खं व्हिन्क्युलिनच हवं असेल तर टी-१२ हे उत्परिवर्तन वापरा, त्यात डोकं आणि शेपटीची पकड सैल असते. नकारात्मक नियंत्रण (बंध दिसू नये असा तुलनेचा नमुना) म्हणून ए-५०-आय हे उत्परिवर्तन घ्या, कारण त्याचं डोकं टॅलिनला नीट धरत नाही. ही लेन जेलवर नसेल तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.