होमरची हॅलिबट चार्टर: सहीचं नंतर बघू, आधी बुधवार बदला

तुम्ही लिहिलंय की जुलैत आई-बाबांना घेऊन अलास्कात होमरला जाताय, एजंटाकडून बुधवारची हॅलिबट चार्टर (हॅलिबट हा मोठा चपटा मासा धरायला कॅप्टनसकट भाड्याची बोट) घेतली आहे आणि बोटवाल्याने हॅलिबट पकडण्यावरच्या मर्यादांविरुद्धच्या निवेदनावर सही मागितली आहे. सहीचं नंतर. तो बुधवार आजच बदलून घ्या.

आमचं डिट्टो हेच झालं होतं. बुकिंगवाल्या ऑफिसने (नाव लिहीत नाही, पोस्ट उडेल) बिनदिक्कत बुधवार विकला. हॅलिबटच्या नियमांसाठी विभाग पाडलेत, त्यात होमर येतं ३ए विभागात. तिथे चार्टर बोटीवर बुधवारी पकडलेला हॅलिबट ठेवता येत नाही (खाली सांगितलेला भाड्याचा ‘जीएएफ’ कोटा सोडून), २०१६ मध्ये आलेला नियम आहे. पहाटे धक्क्यावर कॅप्टनच ओशाळून म्हणाला, सॅमन नाहीतर रॉकफिश चालेल का? पैसे परत मागितले तर ऑफिस म्हणतं, आम्ही ‘फिशिंग ट्रिप’ विकली, हॅलिबट कुठे लिहिलंय? अहो, पावतीवर हॅलिबटचा फोटो होता! फोन झाले, मेल झाले, कार्ड कंपनीकडे तक्रार झाली. दमडी मिळाली नाही. वर ‘तुम्ही नियम वाचायला हवे होते’. मग तुम्ही कमिशन कशाचं घेता?

असो. सहीबद्दल माझं मत, पटलं तर घ्या. मी ना कॅप्टन ना वकील. मासा कमी झालाय हे मला भेटलेले बोटवालेही नाकारत नव्हते. त्यांचा राग वेगळाच आहे. स्वतःच्या बोटीने गेलात तर दिवसाला दोन हॅलिबट, कितीही मोठे, बुधवारीसुद्धा. त्याच पाण्यात पैसे देऊन कॅप्टन घेतला, की दोनातला एक छोटाच हवा. सिटकाकडे, २सी विभागात, चार्टरवाल्याला एकच. तो नियम २००८ मध्ये कोर्टाने रोखला होता, २००९ मध्ये लागू झालाच. आणि बेरिंग समुद्रातल्या ट्रॉलरच्या (मोठं जाळं ओढत नेणाऱ्या व्यावसायिक बोटींच्या) जाळ्यात आलेला हॅलिबट कायद्याने परत पाण्यात टाकावा लागतो, त्यातला बराचसा मेलेला. आमच्या मालवणात किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले मोठ्या बोटींच्या पर्ससीनवाल्यांवर जसे तडकतात, तसेच हे ट्रॉलरवाल्यांवर.

त्यामुळे निवेदन नीट वाचा. ‘मर्यादाच नको’ असेल तर मी सही करणार नाही. सगळ्यांना सारखा नियम आणि आधी ट्रॉलरला लगाम, असं असेल तर डोळे झाकून करेन.

बाकी कॅप्टनशी थेट बोला, एजंटामार्फत नको. ‘जीएएफ’ आहे का विचारा: तो व्यावसायिक मच्छीमारांकडून भाड्याने घेतलेला कोटा असतो, जादा पैसे पडतात, पण दोन्ही मासे मोठे ठेवता येतात. छोट्या माशाच्या लांबीचे इंचांचे आकडे दरवर्षी नव्याने ठरतात, जुन्या पोस्टवर जाऊ नका (माझ्याही). फिले काढल्यावर सांगाडा लगेच फेकला नाही म्हणून कुरकुर नको. फिले बोटीवरून उतरेपर्यंत तो ठेवावा लागतो, लांबी तपासायला.

हॅलिबट कालवणात घालू नका, फुटतो. रवा लावून तव्यावर करा. आणि बाबांना गाडी लागत असेल तर बोट नक्की लागणार. गोळी निघायच्या आधीच द्या, बोट हलायला लागल्यावर देऊन उपयोग नाही.